दुर्बीण आणि चष्मा : शस्त्रक्रियेतील दोन शब्दांचा इतिहास

वैद्यकीय साधनांचा इतिहास सामान्यतः संशोधकांच्या नावांनी लिहिला जातो. परंतु लोकांच्या बोलीत त्या साधनांना कोणते नाव मिळाले, हाही त्याच इतिहासाचा भाग होय. कारण संमतिपत्रावर सही करणारा रुग्ण यंत्र जाणत नाही, नाव जाणतो.

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. तेथे तयार होणाऱ्या पेनिसिलिनचे नाव मराठीने जसेच्या तसे स्वीकारले. शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात मात्र वेगळे घडले. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी पित्ताशयाची लॅपरोस्कोपिक शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. ही पद्धत रूढ होत गेली, तसे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कामगारवस्तीत तिला ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ म्हटले जाऊ लागले. दुर्बीण हा शब्द मुळात फारसी. त्याचा अर्थ ‘दूरचे पाहणारी’. येथे ती पोटातले, म्हणजे अगदी जवळचे दाखविते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा विपर्यास खरा. पण मोठी चीर न घेता नळीतून पाहावयाचे, एवढे त्या शब्दाने रुग्णास नेमके कळविले.

या पद्धतीत शल्यविशारदाची दृष्टी रुग्णावरून पडद्याकडे वळली. तो पडदाच डोळ्यांपुढे आणावा, हा परिधानयोग्य दर्शकयंत्रांमागील एक हेतू होय. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर बसविण्याचे दर्शकयंत्र सिद्ध केले. २०१३ साली तेथेच डॉ. राफाएल ग्रॉसमन यांनी गूगल ग्लास घालून शस्त्रक्रिया केली. २०१७ साली लंडनमधील डॉ. शफी अहमद यांनी होलोलेन्स वापरून, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. शैलेश श्रीखंडे यांच्याशी शस्त्रक्रियागृहातून विचारविनिमय केला.

या साधनास मराठीत ‘स्मार्ट चष्मा’ म्हणण्याकडे कल दिसतो. ‘चष्मा’ हाही फारसी ‘चश्म’, म्हणजे डोळा, या शब्दाशी निगडित आहे. तथापि दुर्बिणीचा न्याय येथे लागू पडत नाही. चष्मा लावणाऱ्यालाच दिसते, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. या चष्म्यात मात्र कॅमेरा असतो. शल्यविशारद जे पाहतो ते दूरच्या इतरांनाही दिसू शकते. दुर्बिणीच्या नावातील चूक निरुपद्रवी होती. चष्म्याच्या नावातील मौन तसे नाही. उद्या चाकणचा एखादा कामगार संमतिपत्रावर सही करील, तेव्हा त्यात ‘कॅमेऱ्याचा चष्मा’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. शब्द थोडा ओबडधोबड वाटेल. परंतु आपले शरीर कोणाकोणास दिसणार आहे, हे विचारण्याची वाट तोच रुग्णास दाखवील.