अँप छोटा, रियाज मोठा

इलेक्ट्रिक गिटार घरी वाजवायची तर अँप केवढा घ्यावा? मंडळी, इथे 'मोठा तो चांगला' हा हिशोब साफ चुकतो. मार्शलने १९६५ मध्ये 'द हू'साठी १०० वॅटचा अँप बनवला, तो स्टेजसाठी. रत्नागिरीच्या कौलारू घरात लावलात तर अख्खी आळी दारात!

उचलून कुठेही नेता येणारा, सेलवरचा अँप गाजवला तो पिगनोजने, १९७३ मध्ये. ५ वॅट, सहा पेन्सिल सेल आणि डुकराच्या नाकासारखं बटण. सेलचं महत्त्व आम्हाला विचारा. आमच्या जिल्ह्यातला दाभोळचा वीजप्रकल्प २००१ ते २००६ बंद, आणि भारनियमन ऐन रियाजाच्या वेळी. असो.

माझा खरा हीरो टॉम शोल्झ. एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनियर, पोलरॉइडमध्ये नोकरी, आणि घरी तळघरात रेकॉर्डिंग. त्यातूनच 'बोस्टन'चा १९७६ चा पहिला अल्बम आला. १९८२ मध्ये त्याने रॉकमन काढला: कमरेला अडकवायचा, स्पीकरच नाही, थेट हेडफोन. रात्री दहाला ऑफिसातून परतणाऱ्याने अजून काय मागावं?

म्हणून वॅट मी शेवटी बघतो. आधी हेडफोनची सोय, मग सेलवर चालतो का, मग अगदी हळू वाजवूनही सूर भरीव लागतो का. आणि हो, पावसाळ्यात सेल आत विसरू नका. कोकणच्या दमट हवेत पट्ट्या गंजतात.