भूकंप कोणाच्या पापाने होतो?

असोदा म्हटले की बहिणाबाईंचे माहेर, एवढे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असते. आम्ही आज असोद्याच्या जमिनीखाली काय आहे ते सांगणार आहोत, कारण त्यातून एका जुन्या वादाचा निकाल लागतो.

तापीकाठच्या या शिवारांत विहीर खोदली की काळी माती, पिवळी माती, वाळू, गोटे असे थर लागतात. हा सारा नदीने आणलेला गाळ. जळगाव जिल्ह्यात काही ठिकाणी तो शेकडो फूट खोल आहे. त्याच्या तळाशी काळा पाषाण, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. एवढा गाळ मावायला खोलगट जागा हवी. ती एकट्या नदीने कोरलेली नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी पृथ्वीच्या कवचाला फार जुन्या भेगा आहेत आणि त्यांच्या कडेने जमीन खचली आहे. गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेला वाहतात आणि तापी मात्र पश्चिमेला सुरतेकडे जाते, ती या खचलेल्या पट्ट्यातून. भारताचा भूखंड उत्तरेला आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण जुन्या भेगांवर साठतो आणि एक दिवस खडक सरकतो. भूकंप तो हाच.

14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात तसे घडले. असोद्याच्या वायव्येला साधारण शंभर किलोमीटरवर केंद्र, तीव्रता 6 च्या वर. खानदेश हादरला. हालचाल जमिनीत बरीच खोल झाली, म्हणून तीव्रतेच्या मानाने हानी थोडी झाली.

आता वाद. त्याआधी चार वर्षे, 15 जानेवारी 1934 ला, बिहार आणि नेपाळमध्ये याहून कितीतरी मोठा भूकंप झाला होता. तीव्रता 8 च्या आसपास, हजारो माणसे मेली. गांधीजी तेव्हा हरिजन दौऱ्यावर दक्षिणेत होते. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा आहे, असे ते म्हणाले. रवींद्रनाथ टागोरही अस्पृश्यतेच्या विरोधातलेच, पण त्यांनी जाहीर हरकत घेतली. हा तर्क अवैज्ञानिक आहे, आणि उद्या गांधींचे विरोधक हाच तर्क त्यांच्यावर उलटवतील, असे त्यांनी बजावले. गांधींनी ‘हरिजन’मधून आपले म्हणणे कायम ठेवले.

आमच्यातलेही काही जण म्हणतात, “निदान आपल्या बाजूने तरी बोलले ना!” आम्हाला हे मान्य नाही. शिक्षा पाप करणाऱ्याला असेल, तर त्या भूकंपात अस्पृश्य का मेले? ज्यांनी कोणाला शिवू नका म्हटले नाही, ती पाळण्यातली पोरे का मेली? याला उत्तर नसले की “मागल्या जन्मीचे” ही पळवाट निघते. आणि ज्या कर्मसिद्धांताने महाराला महारवाड्यात ठेवले, तो हाच! मागच्या जन्माच्या पापाने या जन्मीची गरिबी येते, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये साफ नाकारले आहे. ज्या कुऱ्हाडीने आपले पाय तोडले ती आज दुसऱ्याच्या पायावर पडते आहे, म्हणून आपण तिची पूजा करायची काय?

सातपुड्याच्या धक्क्याच्या महिनाभर आधी, 12-13 फेब्रुवारी 1938 ला, खानदेशच्या वेशीवर मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन्ही माणसांनी उभ्या केलेल्या. आकाशातून शिक्षा येण्याची वाट पाहा, असे त्यांनी सांगितले नाही.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. लातूर-उस्मानाबादच्या गावांत माणसे आदल्या दिवशी गणपती बोळवून झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो लोक झोपेतच गेले. देवाचे करूनच ती झोपली होती. त्यांना मारले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि छपरावरच्या मातीच्या ओझ्याने. जमीन किती हलेल हे आपल्या हातात नाही, पण डोक्यावर काय पडेल हे बरेचसे आहे.

खानदेशात हे ओझे धाब्याच्या घरावर असते. उन्हाळ्यात 45 अंशांत ते घर थंड राहते, हे खरे. आम्हीही अशाच धाब्याखाली वाढलो. पण लाकूड कुजले, दरवर्षी वर नवी माती चढली आणि जमीन हलली, की तेच धाबे छातीवर येते. 2002 च्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात जळगाव आणि धुळे तिसऱ्या पट्ट्यात आहेत, म्हणजे धोका मध्यम आहे. नाही असे नाही. ज्याच्याकडे पैसा होता त्याने स्लॅब टाकला. कुजक्या सऱ्यांखाली अजून कोण झोपते, हे वस्तीवार मोजायला आम्ही असोद्यापासून सुरुवात करतो आहोत. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी वही आणि टेप घेऊन यावे.

जय भीम.