रोहा स्थानक आणि आपला किनारा

आगरदांड्याच्या धक्क्यावर रेल्वेची शिटी ऐकू येत नाही. आपल्या मुरूड तालुक्यास जवळचे स्थानक म्हणजे रोहा. म्हणून रोहा स्थानकाचा इतिहास हा काही अंशी आपल्याही प्रवासाचा इतिहास होय.

जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्या काळी राजपुरी खाडीच्या दोन्ही तीरांवरील लोकांची मुंबईची वाट मुख्यतः समुद्रावरूनच जात असे. पावसाळा लागला की आगबोटी व मचवे बंद होत. समुद्राचे भयही होतेच. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली.

लोहमार्ग मात्र फार सावकाश आला. १९६४ साली दिव्याहून पनवेलपर्यंत मार्ग झाला, पुढे तो आपट्यापर्यंत वाढला, आणि पेण, नागोठणे करीत रोह्यास पोहोचायला १९८६ साल उजाडले. पनवेलहून रोह्यापर्यंतच्या अंतरास बावीस वर्षे लागली!

नाथ पै, मधु दंडवते प्रभृतींनी कोकण रेल्वेची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती. अखेर १९९० साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. केंद्र सरकार व चार राज्ये भागीदार झाली, रोखे विकून भांडवल उभारले गेले आणि ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रे आली. १९९३ मध्ये गाडी वीरपर्यंत गेली. जानेवारी १९९८ मध्ये डोंगर पोखरून, नद्या ओलांडून रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. निश्चित निधी व एकच जबाबदार यंत्रणा असली म्हणजे काम कसे होते, हे यावरून दिसते.

तोवर शेवटचे असलेले रोहा आता मध्य रेल्वे व कोकण रेल्वे यांच्या सीमेवरचे स्थानक बनले. २०२१ साली रोहा ते वीर दुहेरी मार्ग झाला. २०२२ साली संपूर्ण कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाले.

परंतु स्थानक झाले म्हणजे प्रवास सुकर झाला असे नाही. आगरदांड्याहून रोहा गाठायचे तर रस्त्यानेच जावे लागते. फेरीबोटीने दिघीस उतरून म्हसळामार्गे माणगाव स्थानकही गाठता येते. एस.टी. आणि बोट यांची वेळ गाडीशी जुळली नाही, तर ताशी शंभर किलोमीटर धावणारी गाडीही आपल्या उपयोगाची नाही. याचा फटका सर्वांत आधी विद्यार्थ्यांना बसतो, विशेषतः मुलींना. मुलगा परगावी खोली घेऊन राहतो; मुलीच्या बाबतीत मात्र संध्याकाळी घरी परतण्याची सोय नसली तर अनेक घरांत दहावी-बारावीनंतरचे शिक्षणच थांबते.

पालकहो, रोह्याची रेल्वे आपोआप आली नाही. मागणाऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या मागितली. आपली मागणी त्या मानाने लहान आहे: गाडीच्या वेळेला जुळणारी एस.टी. आणि बोट. ती लेखी मागावी, पुन्हा पुन्हा मागावी. आणि मिळेपर्यंत मुलीचे नाव शाळा-कॉलेजातून काढू नये.