लेदर सीट, मोटारीतील : स्वच्छता व निगा

मोटारीच्या लेदर सीटवर साचलेला जुना मळ, तेल, रंग आणि चिखल वरच्या लेपाला इजा न होऊ देता काढण्याच्या कामाला लेदर सीटची स्वच्छता म्हणतात. सोलापूरच्या उष्ण, कोरड्या आणि धुळीच्या हवेत मळ लवकर चढतो आणि उन्हाने तितक्याच लवकर सुकून घट्ट बसतो. सफाई दरवेळी सौम्य पण नियमित असावी लागते, ती यामुळेच.

रचना व प्रकार : मोटारीच्या सीटसाठी बहुधा गाईबैलांचे कातडे वापरतात. ते क्रोमियमच्या क्षारांनी किंवा क्रोमविरहित पद्धतीने कमावलेले असते. त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक लेप चढवतात. कातडे साधारण एक मिलिमीटर जाड असते, लेप मात्र मिलिमीटरच्या काही शतांशांएवढाच. रोजचा मळ या लेपावर बसतो, त्यामुळे सफाई होते ती खरे तर लेपाची. जोर लावून घासले किंवा जहाल रसायन वापरले की मळासोबत लेपही निघतो, आणि पुढचा डाग तेथून थेट कातड्यात मुरतो.

काही महागड्या गाड्यांत अ‍ॅनिलीन प्रकारचे लेदर असते. त्यावर लेप नसतो किंवा अगदी पातळ असतो. ओळखण्यासाठी आडबाजूला पाण्याचा एक थेंब ठेवतात. तो वरच राहिला तर लेप आहे. मुरून गडद ठिपका पडला तर लेप नाही. अशा आणि सुएडसारख्या लवदार लेदरवर घरी ओली सफाई करू नये. भारतातील अनेक गाड्यांत ‘लेदर’ म्हणून ओळखले जाणारे आवरण प्रत्यक्षात लेदरेट, म्हणजे बाजारात ज्याला रेक्झिन म्हणतात त्या जातीचे, कापडावर प्लास्टिकचा थर दिलेले असते. खऱ्या लेदरच्या सीटमध्येही पुष्कळदा अंग टेकते तेवढाच भाग कातड्याचा असतो. लेपाच्या लेदरसाठी सांगितलेली सौम्य पद्धत लेदरेटलाही चालते.

कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले असते. त्यावर लेप नसल्यामुळे ते तेल पिते, म्हणून चपलेला तेल लावण्याची रीत योग्यच आहे. सीटवरचा लेप मात्र तेल आत जाऊ देत नाही. खोबरेल किंवा गोडेतेल वरच राहते, धूळ धरते आणि पुढे त्याला खवट वास येतो.

मळाचे प्रकार : सोलापूर जिल्ह्यातील काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली आहे. ती भिजली की फुगते व चिकटते, वाळली की तडकते. तिचे बारीक कण लेदरच्या बारीक खाचांत, शिवणीत आणि हवेशीर (आत पंखा असलेल्या) सीटच्या छिद्रांत जाऊन बसतात. घाम आणि डोक्याचे तेल हेडरेस्टवर व चालकाच्या सीटच्या दाराकडील कडेवर साचते. तेथे दिसणारी चकाकी नव्या लेदरची नसून मेणचटपणाची असते. स्वच्छ मोटार-लेदर बहुधा मंद, बिनचकाकीचे दिसते. शेंगा चटणीच्या डागात शेंगदाण्याचे तेल आणि मिरचीचा रंग दोन्ही असतात. जानेवारीतील सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आणि पंढरपूरच्या आषाढी-कार्तिकी वाऱ्या यांनंतर बुक्का, गुलाल आणि हळद-कुंकू सीटवर सापडते. फिक्या रंगाच्या सीटवर नव्या जीन्सची निळाई उतरते.

पूर्वतयारी : सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीची सीट त्याहून कितीतरी तापते. अशा सीटवर क्लीनर लावताच वाळतो आणि त्याचेच डाग पडतात. म्हणून काम सावलीत, शक्यतो सकाळी, सीट हाताला गार लागत असताना करावे. बोअरचे पाणी जड असेल तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. त्याऐवजी आरओ फिल्टरचे पाणी घ्यावे. पुसण्यासाठी मायक्रोफायबर किंवा सोलापुरी टर्किश टॉवेलचे तुकडे चालतात. मात्र टॉवेल पांढरा आणि बऱ्याच वेळा धुतलेला असावा. नव्या टॉवेलचे तंतू सुटतात आणि रंगीत टॉवेलचा रंग उतरू शकतो. शिवाय पांढऱ्या कापडावर मळ किती निघाला हेही दिसते आणि सीटचा रंग निघू लागला तर तेही लगेच कळते.

कृती : प्रथम मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने सुटी धूळ, विशेषतः शिवणीतील, काढून घ्यावी. ही पायरी चुकवली तर वाळूचे कण कापडाखाली सापडून लेपावर ओरखडे पडतात. नंतर लेदरसाठीचा, सामू सातच्या आसपास असलेला क्लीनर सीटच्या आडबाजूला लावून पाहावा व पांढऱ्या कापडावर रंग येत नाही याची खात्री करावी. क्लीनर सीटवर न ओतता मऊ केसांच्या ब्रशवर घेऊन त्याचा फेस करावा. एका वेळी हातभर जागा घेऊन ब्रश हलक्या हाताने गोल फिरवावा. वर आलेला काळपट फेस वाळण्याआधी टिपून घ्यावा आणि ओलसर, घट्ट पिळलेल्या कापडाने जागा पुसावी. मळ राहिला तर क्लीनर अधिक जहाल न करता हीच कृती पुन्हा करावी. फार मळलेल्या सीटला तीन-चार फेऱ्या लागू शकतात. छिद्रांच्या सीटवर फेस अगदी कमी घ्यावा; पाणी छिद्रांतून फोममध्ये उतरले तर कुबट वास येतो आणि आतील पंख्याला धोका पोहोचतो.

विशिष्ट डाग : बुक्का आणि गुलाल आधी कोरडेच ओढून घ्यावेत. पाणी लागले की रंग सुटून पसरतो. ओल्या चिखलाचा जाड थर प्लास्टिकच्या पट्टीने उचलावा, उरलेला वाळू द्यावा, मऊ ब्रशने झाडून व्हॅक्यूम करावा आणि मगच क्लीनर वापरावा. ताजे तेल न घासता टिपावे. लेप नसलेल्या लेदरवर टिपल्यानंतर कॉर्नफ्लोअर रात्रभर टाकून सकाळी झाडल्यास बरेच तेल शोषले जाते. सांडलेले दूध किंवा चहा लगेच पुसावा. जीन्सची निळाई ताजी असेल तर दोन-तीन फेऱ्यांत फिकी होते. जुनी असेल तर ती लेपात मुरलेली असते. बॉलपेनची शाई स्पिरिटने निघते, पण त्याबरोबर लेपही निघू शकतो. ते काम जाणकार कारागिराकडे द्यावे.

टाळावयाच्या गोष्टी : धुण्याचा सोडा व कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते, तर कमावलेले कातडे किंचित आम्लधर्मी; लेप झिजलेल्या जागी हा विरोध कातडे कडक करतो. थिनर, पेट्रोल, रॉकेल आणि नेलपॉलिश रिमूव्हर लेप खराब करतात. बंद गाडीत त्यांच्या वाफेने आग लागण्याचाही धोका असतो. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरने लेप निस्तेज होतो. लिंबू, टूथपेस्ट आणि भांड्यांचा स्क्रबर यांपैकी काहीही सीटसाठी नाही. वॉशिंग सेंटरवरील प्रेशरचे पाणी आत मारू नये. सीटखालील पिवळ्या जोडण्या सहसा एअरबॅगच्या असतात. त्या भिजवू नयेत आणि ओढून काढूही नयेत.

वाळवणे व निगा : सफाईनंतर दारे उघडी ठेवून सीट सावलीत वाळवावी, ऊन किंवा हेअर ड्रायर वापरू नये. त्यानंतर लेदर प्रोटेक्टंटचा पातळ हात द्यावा. लेपाच्या लेदरमध्ये कंडिशनर फारसा आत जात नाही, त्यामुळे तो भरपूर लावण्यात अर्थ नाही. सिलिकॉनच्या चमकदार पॉलिशने सीट निसरडी होते. आठवड्यातून एकदा धूळ काढणे, घामाच्या जागा ओलसर कापडाने पुसणे आणि गाडी उन्हात उभी असताना काचेवर सनशेड लावणे एवढ्याने मोठ्या सफाईची गरज बरीच लांबते.

मर्यादा : स्वच्छतेने मळ निघतो, झीज भरून येत नाही. रंग उडालेल्या जागी पुन्हा रंग व लेप चढवावा लागतो, फाटलेला भाग बदलून शिवावा लागतो. पांढऱ्या कापडावर मळाऐवजी सीटचाच रंग येऊ लागला की सफाई तेथेच थांबवावी.