उबेची खिडकी

वैशाखातली दुपार होती. खंडाळ्याच्या घाटात आमची सहा सिलिंडरची जुनी अमेरिकन मोटार बंद पडली, ती काही केल्या सुरू होईना. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, पेट्रोलपंपावर ओले फडके टाकले आणि म्हणाले, "साहेब, पेट्रोल उकळतंय. कार्ब्युरेटरला खालून धग लागते." जळका वायू बाहेर नेणारा मॅनिफोल्ड खाली, हवा-पेट्रोलचे मिश्रण आत नेणारा त्याच्या पाठीवर, आणि धग वरच्या तळाला भिडावी म्हणून दोहोंमध्ये मुद्दाम ठेवलेली एक खिडकी! पुण्यास पोचताच मी तेथे पोलादी पत्रा पॅकिंगबरोबर बसवून घेतला आणि त्या जुन्या अभियंत्यांच्या बुद्धीची मनोमन कीव केली.

मार्गशीर्षात महाबळेश्वरी पहाटे हीच गाडी अडखळू लागली. चोक ओढला तर चाले, सोडला की खोकून थांबे. तेव्हा कुठे मला प्रश्न पडला, की ही खिडकी मुळात ठेवली कोणी, आणि कशासाठी?

हातावर स्पिरिट सांडले की गार लागते. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. कार्ब्युरेटरच्या गळ्यात पेट्रोलचे असेच होते. हवा दमट असली तर बाहेर बर्फ पडण्याजोगी थंडी नसतानाही आत हिम धरते. म्हणून १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी गाडीत एक्झॉस्टजवळची तापलेली हवा नळीने कार्ब्युरेटरला पुरवीत. पुढे मोटारी वाढल्या, पेट्रोलची मागणी वाढली, आणि तेलाचे अधिक जड अंशही त्यात येऊ लागले. जड तेल फोडून पेट्रोल करण्याची विल्यम बर्टन यांची रीत १९१३ मध्ये अमेरिकेत कारखान्यात सुरू झाली. जड पेट्रोलची वाफ सहज होत नसे. ते मॅनिफोल्डच्या भिंतींवरून ओघळे. एका सिलिंडरला जास्त मिळे, दुसऱ्याला कमी. न जळलेले खाली उतरून वंगणात मिसळे. यावर उपाय म्हणजे ऊब. १९३२ च्या फोर्ड व्ही-एटमध्ये आणि १९५५ च्या शेव्हरोले व्ही-एटमध्येही कार्ब्युरेटरखालून जळक्या वायूची वाट काढलेली होती.

ही वाट बुजवण्याचाही इतिहास आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांवर तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या पळवीत. त्यांच्या क्लबांची संघटना १९३७ साली स्थापन झाली. तापलेली हवा विरळ असते. २० अंशांची हवा ६० अंशांवर गेली, तर तेवढ्याच जागेत ती सुमारे १२ टक्के कमी मावते. हवा कमी, तर जोर कमी. म्हणून शर्यतवाले उबेची वाट पत्र्याने बंद करीत. त्यांचे बरोबरच होते. त्यांना इंजिन पूर्ण वेगाने पळवायचे असे; पहाटे बाजारात जाऊन भाजी आणायची नसे. मी मात्र त्यांचे औषध माझ्या दुखण्यावर लावले होते.

पत्रा काढायला बसलो, तेव्हा खरा दोष सापडला. त्या खिडकीला एक झडप होती. दोन धातूंच्या पट्टीची स्प्रिंग थंडीत ती उबेकडे वळवी आणि इंजिन तापले की सैल पडून धग सरळ सायलेन्सरकडे जाऊ देई. आमची झडप गंजून उबेच्या बाजूलाच अडकली होती, कोण जाणे किती वर्षे! अभियंत्यांनी दार ठेवले होते. आम्ही ते उघडझाप करण्याजोगे राखले नव्हते.

मिस्त्रींनी झडप मोकळी केली, नवी स्प्रिंग घातली, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारे जाड पॅकिंग दिले. आज आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात, आणि त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. तेव्हा थंडीत ही ऊब पूर्वीपेक्षाही हवीच. पुढच्या वैशाखात गाडी घाट न थांबता चढली.

तो पत्रा मी टाकून दिलेला नाही. टेबलाच्या खणात आहे. जुन्या माणसांची कीव करावीशी वाटली, की काढून पाहतो.