धरण कुणाचं, पूर कुणाचा? मेघोली ते कटक



१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात मेघोलीचं धरण फुटलं. ते काही मोठं धरण नव्हतं. ओढा अडवून बांधलेला मातीचा लघु प्रकल्प होता. बघता बघता तलाव रिकामा झाला. एका महिलेचा जीव गेला, जनावरं वाहून गेली, खालच्या गावांतली उभी पिकं गेली आणि पिकांखालची मातीही गेली. गळतीची तक्रार गावकरी आधीपासून करत होते. दोन-चार दिवस बातम्या आल्या, पंचनामे झाले आणि विषय मिटला.

आपल्या चळवळीतही तो मिटला. आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती हे आपले विषय. धरण आणि पूर हे बागायतदारांचे आणि इंजिनिअरांचे विषय, अशी वाटणी आपणच मनात करून ठेवली आहे. हा लेख त्या वाटणीविरुद्ध आहे. कारण या देशात पूरनियंत्रणाचा विचार नव्याने मांडणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत आपलाच बाप बसलेला आहे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. १९४३ साली बंगालमध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला, बांध फुटला, रेल्वे आणि रस्ते तुटले. पुढे ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात दामोदरच्या प्रश्नावर परिषद झाली आणि ८ नोव्हेंबर १९४५ ला ओरिसातल्या नद्यांसाठी कटकला. दोन्ही ठिकाणी बाबासाहेब बोलले. कटकच्या भाषणाचा गाभा आजही आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असायला हवा. आधीच्या समित्यांनी जास्तीचं पाणी हेच संकट मानलं होतं, त्यामुळे ते लवकरात लवकर समुद्रात कसं सोडायचं एवढाच विचार झाला. बाबासाहेबांनी ही मांडणीच चुकीची ठरवली. माणसाला जास्त पाण्यापेक्षा पाण्याच्या अभावाने जास्त सोसावं लागतं, म्हणून पाणी हाकलू नका, साठवा, असं त्यांचं म्हणणं होतं. नदीकाठी नुसते बांध घालून भागणार नाही. वर जलाशय बांधा. त्यातून पूर अडेल, शेतीला पाणी मिळेल, वीज होईल, जलवाहतूक होईल. १९४८ चं दामोदर खोरे महामंडळ याच विचारातून उभं राहिलं. आठ धरणांची कल्पना होती, पहिल्या टप्प्यात चार झाली. त्यांच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्यात आदिवासी मोठ्या संख्येने होते, हेही आपण लपवायचं कारण नाही. लाभ एकाला आणि बुडीत दुसऱ्याला, हा प्रश्न तिथेही उभा राहिलाच.

आता कोल्हापूरकडे या. बाबासाहेबांच्या कितीतरी आधी राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. महाराजांच्या हयातीत ते पूर्ण झालं नाही, पण संस्थानाच्या पैशातून एवढं मोठं काम काढण्याची हिंमत त्यांनी दाखवली. त्याच राजाने १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या, १९१८ मध्ये महार वतन रद्द केलं आणि १९२० च्या माणगाव परिषदेत तरुण भीमरावांना लोकांपुढे उभं केलं. एकाच राजाने वतन मोडलं आणि धरणही बांधलं. आपण यातलं पहिलं तेवढं लक्षात ठेवलं आणि दुसरं बागायतदारांना देऊन टाकलं.

मेघोलीसारखे बांध कागदावर सिंचनासाठी असतात. तरीही डोंगरउतारावर ओढा अडवणारा प्रत्येक बांध खालच्या वस्तीसाठी पूर अडवण्याचं काम करतोच. तलावात जागा असेपर्यंत तो वरून आलेला लोंढा पोटात घेतो, भरला की सांडव्यावरून सोडतो. मात्र दोन्ही कामांत भांडण आहे. पूर अडवायचा तर तलावात मोकळी जागा हवी आणि सिंचनाला तो काठोकाठ भरलेला हवा. ऑगस्टअखेर बहुतेक तलाव भरलेले असतात. त्या वेळी बांधाची खरी परीक्षा असते.

मातीचा बांध दगडी भिंतीसारखा नसतो. मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा, दोन्ही अंगांनी मुरूम, पाण्याकडच्या बाजूला दगडांचं पिचिंग, असं ते काम असतं. थोडं पाणी त्यातून पाझरतंच. पाझर स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचं. पाझर गढूळ झाला म्हणजे बांधाच्या पोटातली माती बाहेर येऊ लागली, हे समजायचं. आत पोकळी वाढत जाते आणि एका रात्री भिंत खचते. दुसरा धोका माथ्यावरून पाणी वाहण्याचा. सांडवा अपुरा असेल किंवा झाडोऱ्याने तुंबला असेल तर पाणी बांधावर चढतं आणि माती कापत नेतं. १२ जुलै १९६१ ला फुटलेलं पानशेत मातीचंच होतं. बांधकाम पुरतं झालेलं नसताना त्यात पाणी साठवलं गेलं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. तिथेही गळतीची तक्रार होती. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरल्याचं सांगितलं. खेकडे बिळं करतात हे खरं. ती बिळं वेळेत बुजवणं हेच तर देखभालीचं काम असतं.

२०२१ च्या डिसेंबरात संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो आणि १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. १० मीटरच्या खालचे बांध त्याच्या कक्षेतच येत नाहीत. गावोगावचे पाझर तलाव आणि गाव तलाव बहुतेक याच उंचीचे. कुठला जिल्हा परिषदेकडे, कुठला जलसंधारण खात्याकडे. मालक कोण हे गावाला बांध फुटल्यावर कळतं.

आता आपला प्रश्न. हे बांध बांधले कुणी? १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर हजारो पाझर तलाव झाले. डोक्यावर पाट्या घेऊन त्यांची माती वाहिली ती भूमिहीनांनी, आणि त्यात आपल्या आया-आज्या होत्या. पाणी मात्र ज्याची जमीन त्याला, कारण सिंचनाचा हिशोब हेक्टरी असतो. ज्याच्याकडे हेक्टर नाही तो त्या हिशोबात नाही. २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण योजनेचा गाळही शेतातच जातो. ज्याला शेत नाही त्याने तो कुठे न्यायचा?

लाभात आपण नसलो तरी धोक्यात आहोत. गावकुसाबाहेरची वस्ती उंचावर, पांढरीच्या मधोमध कधी नव्हती. बहुतेक गावांत ती ओढ्याच्या काठाला, नदीच्या उताराला, गावाचं सांडपाणी जिथे जातं तिथे. पूर जात बघत नाही असं म्हणतात. पूर बघत नसेल, पण वस्ती कुठे वसवायची हे ठरवणाऱ्याने जात बघितली होती. म्हणून पाणी आधी कुठे शिरणार हे शेकडो वर्षांपूर्वीच ठरून गेलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पाणी ओसरल्यावर आम्ही काही कार्यकर्ते शिरोळ तालुक्यातल्या एका गावात मदतीला गेलो होतो. बौद्धवाड्यातल्या एका आजीचं घर पुरतं पडलं होतं. पंचनाम्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं, कारण घराचा उतारा तिच्या मेलेल्या दिराच्या नावावर. ती म्हणाली, "पोरा, पाण्याला बरं माझं घर सापडलं, साहेबाला सापडंना." मी समाजशास्त्रात एमए केलं, पण हे वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

काही मित्र म्हणतील, कोल्हापूरच्या पुराचा प्रश्न अलमट्टीचा आहे, नदीपात्रातल्या बांधकामांचा आहे, हे चार बांध काय करणार? बरोबर आहे. पंचगंगेचा महापूर लहान बांधांनी थांबणार नाही. पण बांधाखालच्या वस्तीला पंचगंगेपेक्षा डोक्यावरचा तलाव जवळ असतो. तो अडवेल तेवढा पूर अडवेल, पण फुटला तर पूर स्वतःच तयार करेल. शिवाय हा प्रश्न गावाच्या हातात आहे. अलमट्टीसाठी दोन राज्यं भांडतात. मेघोलीसाठी एक ग्रामसभा पुरली असती, जर तिचं ऐकणारं कुणी असतं.

वेगळं करता येतं याचा पुरावा शेजारीच आहे. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने सत्तरच्या दशकात पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर मुक्ती संघर्ष चळवळीने ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण उभं केलं आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला. १९२७ ला महाडमध्ये बाबासाहेबांनी ओंजळभर पाण्याचा हक्क बजावला. १९४५ ला कटकमध्ये ते नदीच्या पाण्याचा विचार मांडत होते. या दोन पाण्यांच्या मधलं अंतर अजून आपण चाललेलोच नाही.

म्हणून कामाचं बोलू. आपल्या वस्तीच्या वर कोणता तलाव आहे, तो कोणत्या खात्याचा, पावसाळ्याआधी शेवटची तपासणी कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. मे महिन्यात दहा जणांनी बांधावरून चालून या. गढूळ पाझर, बिळं, उगवलेली झाडं, तुंबलेला सांडवा यांचे फोटो काढा आणि लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बांध फुटला तर पाणी कुठल्या घरांत शिरेल आणि रात्री निरोप कोण देईल, हे ग्रामसभेत ठरवून घ्या. घरांचे उतारे राहत्या माणसांच्या, बाईच्या नावावर करून घ्या. आणि पाण्याच्या वाटपाचा विषय निघाला की भूमिहीनांचा वाटा मागा.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीची बैठक आपण महिनाभर आधी घेतो. मिरवणुकीनंतर दीड-दोन महिन्यांत पावसाळा येतो. त्याच बैठकीत बांधावर कोण कधी जाणार, तेही लिहून घ्या.

जय भीम. जय शाहू.