स्नायूंतील वेदनाबिंदू : मान व खांदा

मान व खांद्याच्या स्नायूंत बोटांनी चाचपल्यास कधीकधी दोरीसारखी ताणलेली पट्टी व तीवर एक अतिशय हळवा बिंदू लागतो. तो दाबला असता वेदना दूरवर पसरते. ट्रॅपीझियस स्नायूच्या वरच्या भागातील बिंदूची वेदना कानामागून कानशिलापर्यंत जाते. अशा बिंदूस ट्रिगर पॉइंट म्हणतात. क्ष-किरण चित्रात तो दिसत नाही. त्यामुळे त्यावरील उपचारांचा इतिहास बराचसा बोटांच्या साक्षीवर उभा आहे.

जर्मन वैद्य रोबेर्ट फ्रोरीप यांनी १८४३ मध्ये अशा जागांना स्नायूंतील घट्टे मानले. ब्रिटिश तंत्रिकावैज्ञानिक विल्यम गावर्झ यांनी १९०४ मध्ये ‘फायब्रोसायटिस’ ही संज्ञा सुचविली. तीत अभिप्रेत असलेला शोथ मात्र पुढे सिद्ध झाला नाही. गाठ आहे म्हणजे ती मोडली पाहिजे, या समजुतीने जोरदार मर्दन केले जाई. जर्मनीत माक्स लांग (१९३१) यांनी त्यासाठी बोटांच्या पेरांबरोबर बोथट लाकडी साधनही वापरले.

लंडन येथे जे. एच. केलग्रेन यांनी १९३८ मध्ये स्वयंसेवकांच्या स्नायूंत तीव्र लवण विद्राव टोचून वेदना दूरस्थ भागी उमटते, असे दाखविले. दुखते तीच जागा उपचाराची, हा समज त्यामुळे ढासळला. न्यूयॉर्कच्या जॅनेट ट्रॅव्हेल (१९०१–९७) यांनी १९४२ मध्ये खांदेदुखीत प्रोकेनाच्या अंतःक्षेपणाचे निष्कर्ष मांडले व पुढे थंड फवारा मारीत स्नायू हळूहळू ताणण्याची पद्धती रूढ केली. फवाऱ्यासाठी वापरले जाणारे एथिल क्लोराइड ज्वालाग्राही होते. ट्रॅव्हेल १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य झाल्या, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु डेव्हिड सायमन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ (१९८३) अधिक महत्त्वाचा होय. त्यात रक्तपुरवठा रोखणारा जोराचा दाब सांगितला होता. १९९९ च्या आवृत्तीत त्याऐवजी सौम्य दाब आला. चुकलेली दिशा बदलण्याचे हे धैर्य वैद्यकात विरळाच आढळते.

प्रागचे कारेल लेवित यांना १९७९ मध्ये औषधाविना नुसत्या सुईनेही आराम पडतो, असे आढळले. रुग्णाने हलक्या प्रतिकाराविरुद्ध स्नायू आवळून मग सैल सोडावयाचा, ही त्यांची दुसरी रीत अधिक निर्धोक आहे.

एकाच रुग्णात दोन परीक्षकांना तोच बिंदू सापडेल अशी खात्री नसते. या उणिवेवर बोट ठेवून क्विंटनर, बोव्ह व कोहेन यांनी २०१५ मध्ये संपूर्ण उपपत्तीच अमान्य केली. अल्पकालीन आराम पुष्कळांना पडतो. तो बिंदूमुळे, स्पर्शामुळे की कालगतीने, हे अनिर्णित आहे. फुप्फुसाचे टोक गळ्याच्या हाडाच्या वर येत असल्याने खांद्यावर खोल टोचलेली सुई फुप्फुसावरणास छेदू शकते. म्हणून ती प्रशिक्षित हातीच असावी.